गाडी की ड्रायव्हर? राल्फ नेडर आणि फ्लोरिडातली ५३७ मतं

अमेरिकेत ग्राहकांसाठी लढणारे वकील राल्फ नेडर यांच्यावर 'अ‍ॅन अनरीझनेबल मॅन' नावाची दोन तासांची डॉक्युमेंटरी आहे. २००६ ला सनडान्स फेस्टिव्हलला दाखवली आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत थिएटरला लागली. मी ती आत्तापर्यंत तीनदा बघितली आणि तिन्ही वेळा नंतर बराच वेळ झोप आली नाही. कारण सांगतो. मी आमच्या भागात बरीच वर्षं ग्राहकांच्या तक्रारींचं काम करतोय, म्हणजे कोणाचा फ्रिज वॉरंटीत बंद पडला, कोणाला बिल्डर ताबा देत नाही, कोणाचा मेडिक्लेम अडकला, की अर्ज लिहून द्यायचा, कागद लावून द्यायचे, तारखेला सोबत जाऊन बसायचं. आणि महापालिकेची निवडणूक जवळ आली की कोणीतरी म्हणतंच, काका तुम्हीच उभे राहा की, तुम्हाला सगळे ओळखतात, तुम्ही कोणाचे पैसे खाल्ले नाहीत. दर वेळी मी नाही म्हणतो, आणि घरी येऊन परत ही फिल्म लावतो.

म्हणून म्हटलं एकदा हे प्रकरण नीट मांडून ठेवू. ग्राहकांसाठी पस्तीस वर्षं लढलेला, अमेरिकेतल्या सगळ्यात विश्वासार्ह माणसांमधे ज्याचं नाव घेतलं जायचं असा माणूस २००० साली प्रेसिडेंटच्या निवडणुकीला उभा राहतो आणि एका रात्रीत त्याच्याच लोकांच्या मनातून उतरतो, हे नेमकं कसं घडलं आणि त्यात चूक कोणाची, एवढाच प्रश्न आहे. पण त्याचं उत्तर मला तिन्ही वेळा वेगळं वाटलं.

आधी माणूस समजून घ्या

नेडर यांचा जन्म १९३४ चा, कनेक्टिकट राज्यातल्या विन्स्टेड नावाच्या छोट्या गावातला. आईवडील लेबननहून आलेले, वडिलांचं गावात हॉटेल, म्हणजे आपण खाण्यापिण्याचं हॉटेल म्हणतो तसं, आणि तिथे गिऱ्हाईकांशी राजकारणावर तावातावाने वाद चालायचे. मुलगा शाळेतून आला की वडील विचारायचे, आज विश्वास ठेवायला शिकलास की विचार करायला शिकलास? मुलगा पुढे प्रिन्स्टनला गेला, १९५८ ला हार्वर्डमधून वकील झाला, आणि त्या डिग्रीवर कुठल्याही मोठ्या फर्ममधे गब्बर पगारावर बसता आलं असतं ते सोडून गाड्यांच्या अपघातांच्या मागे लागला.

तेव्हाची परिस्थिती बघा. १९६५ ला अमेरिकेत रस्त्यावर वर्षाला साधारण सत्तेचाळीस हजार माणसं मरत होती. आणि गाडी कंपन्यांचं, बऱ्याच सरकारी लोकांचंही म्हणणं एकच, ड्रायव्हर बेपर्वा असतो म्हणून अपघात होतो, त्यामुळे ड्रायव्हरला शिकवा. आपल्या घाटात पाट्या असतात ना, 'मनाचा ब्रेक, उत्तम ब्रेक' आणि 'अति घाई, संकटात नेई', तसाच विचार. नेडर म्हणाले, माणूस चुकणारच, झोपेत असेल, घाईत असेल, नवशिका असेल, पण तो चुकला म्हणून त्याने मरावंच असं गाडीचं डिझाइन का आहे? स्टिअरिंगचा दांडा थेट छातीत का घुसतो, डॅशबोर्ड लोखंडी आणि टोकदार का, दार धडकेत उघडून माणूस बाहेर का फेकला जातो? गाडीची धडक ही पहिली, आणि आतला माणूस गाडीच्याच आतल्या भागावर आपटतो ती दुसरी, आणि जीव या दुसऱ्या धडकेत जातो. सप्टेंबर २०२२ मधे पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री गेले तेव्हा मागच्या सीटवर बेल्ट लावला नव्हता हे पोलिसांनी सांगितलं आणि आपल्याकडे अचानक सगळे मागच्या बेल्टबद्दल बोलायला लागले. ती हीच दुसरी धडक, जिच्याबद्दल नेडर १९६५ ला लिहून बसले होते.

नोव्हेंबर १९६५ ला त्यांचं 'अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड' आलं. पहिलंच प्रकरण जनरल मोटर्सच्या शेव्हरोले कॉर्व्हेअरवर. या गाडीचं इंजिन मागे, आणि मागच्या चाकांचं सस्पेन्शन असं की जोरात वळण घेतलं की चाक आतल्या बाजूला दुमडायचं आणि गाडी घसरायची किंवा उलटायची. कंपनीने त्यावर काढलेला उपाय ऐका, पुढच्या टायरमधे हवा १५ पौंड ठेवा आणि मागच्यात २६. आता पेट्रोल पंपावरच्या पोऱ्याला हे कोण सांगणार, आणि किती मालकांना माहीत असणार? गाडी स्थिर राहावी म्हणून पुढे एक दांडी लावता आली असती ती खर्च वाचवायला सुरुवातीला लावली नव्हती, १९६४ च्या मॉडेलला ती आली.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. १९७२ ला सरकारच्याच वाहतूक सुरक्षा विभागाने १९६० ते ६३ ची कॉर्व्हेअर तपासली आणि निष्कर्ष काढला की ती त्या काळच्या तशाच इतर गाड्यांपेक्षा जास्त धोकादायक नव्हती. नेडर यांनी तो अहवाल मान्य केला नाही. पण त्यांचा मूळ मुद्दा एका गाडीपुरता नव्हताच, सगळ्याच गाड्या अशा का बनतात हा होता, आणि 'तशाच इतर गाड्यांइतकी' ही काही फार चांगली सफाई नाही असं माझं मत.

जनरल मोटर्सने स्वतःच मोठं केलं

पुढचं इतकं फिल्मी आहे की रचलेलं वाटावं. जगातल्या सगळ्यात मोठ्या कंपनीने एकतीस-बत्तीस वर्षांच्या एका एकट्या वकिलामागे खाजगी गुप्तहेर लावले. ओळखीच्या लोकांना जाऊन विचारायचं, हा बाईंच्या नादी आहे का, पुरुषांच्या नादी आहे का, ज्यूंविरुद्ध बोलतो का. दुकानात, सुपरमार्केटात अनोळखी मुली येऊन बोलायला लागल्या, घरी चला म्हणायला लागल्या. माणसाचा स्वभाव असा की यात सापडण्यासारखं काही नव्हतंच. लग्न केलं नाही, गाडी ठेवली नाही, भाड्याच्या खोलीत राहायचं, सैन्यात सहा महिने होता तेव्हा तिथल्या दुकानातून स्वस्तात डझनभर बूटजोड घेऊन ठेवले ते वर्षानुवर्षं वापरले. दोन गुप्तहेर पाठलाग करत थेट सेनेटच्या इमारतीत घुसले आणि तिथल्या गार्डांच्या लक्षात आलं, मग सगळं बाहेर आलं. २२ मार्च १९६६ ला कंपनीचे प्रेसिडेंट जेम्स रोश यांनी सेनेटच्या समितीसमोर, टीव्हीचे कॅमेरे चालू असताना, माफी मागितली.

त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, ९ सप्टेंबरला, प्रेसिडेंट जॉन्सन यांनी गाड्यांच्या सुरक्षेच्या कायद्यावर सही केली. आपला ग्राहक संरक्षण कायदा १९८६ चा, म्हणजे त्याच्या वीस वर्षं आधीची ही गोष्ट, आणि बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत काढली ती १९७४ ला, तेव्हा नेडर हे नाव जगभर झालेलं होतं. जनरल मोटर्सवर त्यांनी केलेली केस १९७० ला सव्वाचार लाख डॉलरवर मिटली. तो पैसा त्यांनी संस्था उभ्या करायला वापरला, म्हणजे कंपनीच्या पैशातून कंपन्यांवर नजर ठेवणारी माणसं तयार झाली.

१९६८ च्या उन्हाळ्यात लॉ कॉलेजची मूठभर मुलं घेऊन त्यांनी फेडरल ट्रेड कमिशन, म्हणजे व्यापारातल्या फसवणुकीवर नजर ठेवणारं सरकारी खातं, तपासलं, आणि त्या मुलांना पेपरवाल्यांनी 'नेडर्स रेडर्स' नाव दिलं. मग शेकडो मुलं यायला लागली. मांस तपासणी, हवेचं प्रदूषण, कामगारांची सुरक्षा, पाणी, माहितीचा अधिकार, या सगळ्या कायद्यांमागे कुठे ना कुठे या माणसाचा किंवा याच्या पोरांचा धक्का होता. १९७१ ला पब्लिक सिटिझन संस्था. आणि गाड्यांचं म्हणाल तर १९६६ ला अमेरिकेत दर दहा कोटी मैल प्रवासामागे साडेपाच माणसं मरायची, २००० साली तो आकडा दीडवर आला होता. त्यात रस्ते, दवाखाने, दारूचे कायदे सगळ्यांचा वाटा आहे, पण बेल्ट, एअरबॅग, मऊ डॅशबोर्ड, दुमडणारं स्टिअरिंग यांचाही आहे. आज जिवंत असलेल्या कित्येक लोकांना माहीतही नसेल की आपण या माणसामुळे जिवंत आहोत.

दारं बंद होत गेली

फिल्मचा हा भाग लोक पटकन विसरतात, पण मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण २००० सालचा निर्णय इथून सुरू होतो.

१९७७ ला डेमोक्रॅट पार्टीचे कार्टर प्रेसिडेंट झाले आणि नेडर यांची जवळची सहकारी जोन क्लेब्रुक वाहतूक सुरक्षा विभागाची प्रमुख झाली. आपलं माणूस खुर्चीवर, सगळ्यांना वाटलं आता काम झालंच. एअरबॅगचा नियम निघाला पण कंपन्यांना त्यासाठी बरीच वर्षं मुदत दिली. नेडर यांनी तिला जाहीर पत्र लिहून राजीनामा मागितला! स्वतःच्या घडवलेल्या माणसाचा! मला पहिल्यांदा बघताना राग आला होता, की अरे खुर्चीवर बसल्यावर थोडं जमवून घ्यावं लागतं, समजून घ्या ना. पण पुढे काय झालं बघा, त्या मुदतीमुळे नियम लागू व्हायच्या आधीच रेगन आले आणि १९८१ ला त्यांच्या लोकांनी तो नियमच उडवला, १९८३ ला सुप्रीम कोर्टाने ते चुकीचं ठरवलं, आणि सगळ्या गाड्यांना पुढे दोन एअरबॅग लावायची सक्ती शेवटी १९९१ च्या कायद्याने झाली. मधली वर्षं मोजा. आणि क्लेब्रुकबाईंचा मोठेपणा असा की नंतर १९८२ पासून पुढे पंचवीसेक वर्षं त्यांनीच नेडर यांची पब्लिक सिटिझन चालवली.

फेब्रुवारी १९७८ ला दुसरा फटका. सरकारात ग्राहकांच्या बाजूने भांडणारी स्वतंत्र एजन्सी असावी हे नेडर यांचं वर्षानुवर्षांचं स्वप्न होतं, ते विधेयक प्रतिनिधीगृहात १८९ विरुद्ध २२७ मतांनी पडलं. तेव्हा प्रेसिडेंट डेमोक्रॅट, सभागृहात बहुमतही डेमोक्रॅटांचं. म्हणजे आपलेच लोक कंपन्यांच्या लॉबीपुढे वाकले. पुढची बारा वर्षं रेगन आणि थोरले बुश, तेव्हा दार बंद असणार हे समजू शकतो. पण डेमोक्रॅट क्लिंटन प्रेसिडेंट आणि अल गोर उपाध्यक्ष म्हणून आले तरी ते उघडलं नाही, पार्टीला कंपन्यांचे पैसे हवे होते आणि या म्हाताऱ्याला भेटायला कोणाला वेळ नव्हता. तक्रार घेऊन ऑफिसबाहेर बाकावर बसवून ठेवलेल्या माणसाला काय वाटतं ते मी रोज बघतो. नेडर यांना ते वीस वर्षं वाटत होतं. मग ते म्हणायला लागले की दोन पार्ट्यांत फरक एवढाच उरलाय की कंपनीने दार वाजवलं की कोण किती लवकर गुडघ्यावर येतं.

२००० साल

१९९६ ला ग्रीन पार्टी या छोट्या पर्यावरणवादी पार्टीकडून प्रेसिडेंटपदासाठी नाव दिलं होतं पण प्रचार जवळजवळ केलाच नाही. २००० ला मात्र डेमोक्रॅटांचे गोर आणि रिपब्लिकनांचे धाकटे बुश यांच्यासमोर पूर्ण ताकदीने उतरले, सोबत उपाध्यक्षपदासाठी विनोना लड्यूक, मिनेसोटातली आदिवासी जमिनीच्या हक्कांसाठी लढणारी कार्यकर्ती. ध्येय जिंकायचं नव्हतंच, देशभरात पाच टक्के मतं मिळवायची होती, म्हणजे पुढच्या निवडणुकीत ग्रीन पार्टीला सरकारी निधी मिळाला असता आणि तिसरी पार्टी उभी राहिली असती. आणि गर्दी बघा, तिकीट काढून लोक सभेला येत होते, १३ ऑक्टोबरला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधे पंधरा हजार माणसं.

टीव्हीवरच्या डिबेटमधे मात्र घेतलं नाही. नियम असा की सर्व्हेमधे पंधरा टक्के पाहिजेत, आणि डिबेटमधे दिसल्याशिवाय पंधरा टक्के येणार कुठून. ३ ऑक्टोबरला बॉस्टनला पहिली डिबेट होती, एका विद्यार्थ्याने दिलेलं तिकीट घेऊन ते गेले, तेही मुख्य हॉलचं नाही, शेजारच्या हॉलमधे स्क्रीनवर बघायचं तिकीट. तिथूनही पोलिसांकरवी परत पाठवलं. त्यांनी केस केली आणि २००२ ला आयोजकांनी माफीसह मिटवली. हे बघताना माझ्या हाताच्या मुठी वळतात. तिकीट हातात असलेल्या माणसाला प्रेक्षकांतही बसू देत नाहीत ही कुठली लोकशाही.

ऑक्टोबरच्या शेवटाला आकडे इतके अटीतटीचे झाले की डेमोक्रॅट घाबरले. नेडर यांचेच जुने काही रेडर्स एकत्र आले आणि त्यांनी जाहीरपणे सांगितलं की अटीतटीच्या राज्यांत माघार घ्या, गोर यांना मतं द्यायला सांगा. रिपब्लिकनांच्या एका गटाने तर नेडर गोरवर टीका करतायत अशी क्लिप घेऊन टीव्हीवर जाहिरात दिली! यावरूनच कोणाचा फायदा होणार होता ते कळत होतं. लोकांनी स्वतःच एक भारी डोकं लढवलं, इंटरनेटवर मतांची अदलाबदल, म्हणजे फ्लोरिडातला नेडरवाला गोरना मत देणार आणि त्या बदल्यात टेक्सासमधला गोरवाला नेडरना. कॅलिफोर्नियाच्या सरकारी अधिकाऱ्याने कारवाईची धमकी दिली तसं त्यातल्या काही साइट बंद पडल्या.

नेडर थांबले नाहीत. ७ नोव्हेंबरला मतदान झालं.

फ्लोरिडात बुश यांना २९,१२,७९० आणि गोर यांना २९,१२,२५३. फरक ५३७. नेडर ९७,४८८.

देशभरात गोर यांना बुशपेक्षा पाच लाख चाळीस हजारांच्या वर मतं जास्त होती, पण तिथे राज्यागणिक प्रतिनिधी मोजतात आणि ज्याला एक मत जास्त त्याला जवळपास सगळीकडे राज्याचे सगळे प्रतिनिधी, त्यामुळे फ्लोरिडाचे पंचवीसच्या पंचवीस बुशकडे गेले. २७१ विरुद्ध २६६. फेरमोजणी, कोर्टकचेऱ्या, शेवटी १२ डिसेंबरला सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चारने मोजणी थांबवली. नेडर यांना देशभरात एकूण २८,८२,९५५ मतं, २.७४ टक्के. म्हणजे पाच टक्केही नाहीत, सरकारी निधीही नाही.

मतं खाल्ली का?

आपल्याला हे काही नवीन नाही. मतविभागणी, मतं खाणारा उमेदवार, डमी, बी टीम, हे शब्द आपल्या चहाच्या टपरीवरचे आहेत. २०१९ च्या लोकसभेनंतर वंचित बहुजन आघाडीला हेच ऐकावं लागलं, आणि त्यांचं उत्तरही नेडर यांच्यासारखंच होतं, की आम्ही काय कोणाची राखीव मतं आहोत का. मतं कोणाच्या बापाची नसतात. नेडर यांचा मुद्दा हाच, प्रत्येक उमेदवार दुसऱ्याची मतं घेण्यासाठीच उभा राहतो, मग मी घेतली तर ती चोरी कशी? आणि पुढे त्यांचे समर्थक यादी वाचतात, ती खोटी नाही. गोर स्वतःचं राज्य टेनेसी हरले, ते जिंकले असते तर फ्लोरिडाची गरजच नव्हती. पाम बीच काउंटीत मतपत्रिका इतकी विचित्र छापली होती की पॅट ब्युकॅनन या कट्टर उजव्या उमेदवाराला तिथे ३,४०७ मतं पडली, त्यातली बरीच चुकून. मतदार यादीतून लोकांची नावं चुकीने कापली गेली. फ्लोरिडातल्या इतर छोट्या पार्ट्यांच्या कितीतरी उमेदवारांना ५३७ पेक्षा जास्त मतं होती, त्यांना कोणी शिव्या देत नाही.

हे सगळं खरं, पण आकडा आकडा असतो. हेरन आणि लुइस या दोन अभ्यासकांनी फ्लोरिडातल्या प्रत्यक्ष मतपत्रिका तपासल्या, नेडरना मत देणाऱ्याने खालच्या पदांसाठी कोणाला मत दिलंय ते बघून अंदाज काढला. तर नेडरवाले सगळे गोरचे होते हे खोटं निघालं, साधारण साठ टक्के गोरकडे गेले असते आणि चाळीस टक्के बुशकडे. पण साठ वजा चाळीस, वीस टक्के, ९७,४८८ चे वीस टक्के साडेएकोणीस हजारांच्या आसपास. त्यातले निम्मे घरी बसले असते असं धरलं तरी ५३७ च्या कितीतरी पट. नेडर उभे नसते तर गोर प्रेसिडेंट झाले असते, हे मला नाकारता येत नाही. पहिल्यांदा फिल्म बघितली तेव्हा मी हे नाकारायचो, मित्रांशी भांडलोय यावरून.

दुसरा आरोप जास्त वाईट आहे, की त्यांना गोरना पाडायचंच होतं, म्हणून शेवटचे दिवस अटीतटीच्या राज्यांत घालवले. यावर बॅरी बर्डन या राज्यशास्त्रज्ञाचा अभ्यास आहे, त्यांनी दौरे आणि जाहिराती तपासल्या आणि निघालं असं की नेडर मतं आणि प्रसिद्धी जिथे जास्त मिळेल तिथे जात होते, पाडापाडीचा डाव त्यात दिसत नाही. मला हे पटतं. हा माणूस सूडबुद्धीचा वाटत नाही. हट्टी मात्र आहे, आणि तोच हट्ट ज्याने एअरबॅग आणली.

आता माझं मत, जे तिसऱ्या वेळी बघताना सुचलं आणि ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

नेडर यांनी आयुष्यभर एकच गोष्ट शिकवली, ड्रायव्हरला शिव्या देऊ नका, गाडी तपासा. आणि २००० नंतर अख्ख्या देशाने त्यांच्यासोबत बरोबर उलटं केलं, ड्रायव्हरला शिव्या दिल्या आणि गाडी तशीच ठेवली. ज्या निवडणुकीत तिसऱ्या माणसाला आवडीने मत दिलं की नावडत्याचा विजय होतो, जिथे पाच लाख मतं जास्त मिळवणारा हरतो, त्या निवडणुकीच्या डिझाइनमधेच कॉर्व्हेअरचं मागचं चाक बसवलेलं आहे, वळण आलं की ते दुमडणारच. २००० ला वळण आलं. तुम्ही नेडर यांच्या जागी दुसरा कोणी बसवा, तेच होईल, आणि २०१६ ला परत जास्त मतं मिळवणारा उमेदवार हरलाच. त्यामुळे डेमोक्रॅट पार्टीतले जे लोक पंचवीस वर्षं नेडर या नावावर थुंकतात आणि मतदानाची पद्धत बदलायला बोटही उचलत नाहीत, त्यांच्याबद्दल मला आदर नाही. ते १९६५ च्या गाडी कंपन्यांसारखंच बोलतायत.

पण इथेच थांबलो तर मी नेडर यांना सोपं सोडलं असं होईल, आणि त्यांनी कधी कोणाला सोपं सोडलं नाही. जो माणूस गाडीतला दोष सगळ्या देशात सगळ्यात चांगला ओळखतो, त्याला पुढच्या टायरमधे हवा किती हे माहीत असतं. ५३७ चा आकडा आधी कोणाला माहीत नव्हता पण अटीतटीची राज्यं कोणती हे महिनाभर आधी पेपरात रोज छापून येत होतं. जुने रेडर्स, म्हणजे त्यांच्याच हाताखाली विचार करायला शिकलेली पोरं, तेच सांगत होती. पाच टक्के पाहिजे होते ना, मग न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया, टेक्सास पडलीच होती की, तिथे निकाल पक्का होता, तिथे जीव तोडून मतं मागायची आणि फ्लोरिडाच्या माणसाला सरळ सांगायचं की तुझ्या राज्यात तुझी दुसरी पसंती मोजली जात नाही, विचार करून मत दे. हे सांगितलं असतं तर त्यांचा मुद्दा कमजोर झाला नसता, उलट लोकांना पद्धतीतला दोष घरबसल्या समजला असता. त्यांनी ते केलं नाही. तत्त्व म्हणून केलं नाही हे मला माहीत आहे, पण १९६५ ला त्यांनी कंपन्यांना विचारलं होतं की माणसं मरणार हे दिसत असताना तुम्ही काय केलं, आणि पुढे बुश यांनी सुरू केलेल्या इराक युद्धात जे मेले त्यांच्या घरचे तोच प्रश्न त्यांना विचारणार, त्यावर 'गोर टेनेसी हरले' हे उत्तर पुरत नाही.

ही दोन्ही वाक्यं मला एकाच वेळी खरी वाटतात. फिल्म मला यासाठी आवडते की तीही दोन्ही बाजूच्या माणसांना पूर्ण बोलू देते. दिग्दर्शक हेन्रिएट मँटेल आणि स्टीव्ह स्क्रोव्हन, दोघंही कॉमेडीवाले, मँटेल तर कधीकाळी नेडर यांच्याकडे कामाला होती, तरी टॉड गिटलिन आणि एरिक अल्टरमन यांच्यासारखे अत्यंत कडवट बोलणारे टीकाकार त्यांनी कापले नाहीत. शीर्षक बर्नार्ड शॉ यांच्या एका विचारावरून घेतलंय, समंजस माणूस जगाप्रमाणे स्वतःला बदलतो आणि हेकेखोर माणूस जगाला बदलायला बघतो, म्हणून सगळी प्रगती हेकेखोरांवर अवलंबून असते.

नंतर

२००४ ला परत उभे राहिले, यावेळी अपक्ष. २००० ला त्यांना पाठिंबा दिलेले फिल्मवाला मायकल मूर आणि टीव्हीवरचा कॉमेडियन बिल मार, दोघं टीव्हीच्या शोमधे समोर बसलेल्या नेडर यांच्यापुढे अक्षरशः गुडघ्यावर बसले, नका उभे राहू म्हणून. बघवत नाही ते. डेमोक्रॅटांनी राज्याराज्यात कोर्टात जाऊन त्यांचं नाव मतपत्रिकेवरून काढायचा प्रयत्न केला, मिशिगनमधे रिपब्लिकनांनीच त्यांच्यासाठी सह्या गोळा केल्या. मतं ४,६५,१५१. २००८ ला परत, ७,३९,०३४. पब्लिक सिटिझनलाही वर्गणीदारांचा राग सोसावा लागला, ज्या संस्थेचा निवडणुकीशी काही संबंध नव्हता. मला सगळ्यात जास्त दुःख याचं होतं. औषधं, गाड्या, कामगार यांचं काम करणारी माणसं तिथे बसलेली, आणि लोक चेक पाठवणं बंद करतायत.

आणि एक गोष्ट, जी फिल्म बनली तेव्हा झालेली नव्हती. २०१६ ला मेन राज्यातल्या लोकांनी सार्वमत घेऊन मतदानाची पद्धतच बदलली. आपल्या विधान परिषदेला पदवीधर मतदारसंघात जसं आपण १, २, ३ असे पसंतीक्रम लिहितो आणि पहिल्या फेरीत कोणी जिंकलं नाही की शेवटच्याला बाद करून त्याची दुसऱ्या पसंतीची मतं मोजतात, जवळपास तसंच. २०२० ला तिथे प्रेसिडेंटच्या निवडणुकीलाही हीच पद्धत होती, पाठोपाठ अलास्काने आणली. फ्लोरिडात २००० ला ही असती तर ९७,४८८ लोकांनी नेडर यांच्यापुढे १ लिहिलं असतं, ज्यांना पाहिजे त्यांनी गोरपुढे २, आणि सकाळी कोणी कोणाला शिव्या दिल्या नसत्या.

नेडर यांनी २०१५ ला विन्स्टेडमधे, आपल्या गावात, नुकसानभरपाईच्या कायद्याचं एक म्युझियम उघडलं. आत मधोमध एक लाल कॉर्व्हेअर उभी आहे. यावर्षी परत कोणी मला उभे राहा म्हणालं तर काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही, पण मतदान पसंतीक्रमाने असेल तर मी नक्की विचार करेन.